तेवीस ओळींची हमालीण

मी एक बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे ॲप बांधून द्यायच्या सूचनांची यादी, बोलतेय. दचकू नका, चावत नाही. ही गोष्ट घडली तेव्हा तेवीस ओळींची तर होते.

माझं काम हमालीचं. बोलण्याचा आवाज, चित्रं दाखवायची यंत्रणा असं तयार सामान कुणीतरी एकदा बनवून ठेवतं आणि अनेक ॲप ते मिळून वापरतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. ॲप परगावी निघालं की मी हे सामान त्याच्या पोटात भरते, म्हणजे नव्या संगणकावर त्याची उपासमार होत नाही.

मला लिहिलं एका भाचीनं. तिची मावशी जनावरांची डॉक्टर. "पुढचा कोण?" असं ओरडून ओरडून मावशीचा घसा बसला होता, म्हणून भाचीनं नंबर पुकारणारं ॲप केलं. कुणीतरी खरोखर वापरणार असं तिचं हे पहिलंच.

मावशीनं बजावलं होतं, "एक सकाळ देते. नाही चाललं तर गाशा गुंडाळायचा."

पण भाची उतावळी. सामान भरायला मला चाळीस सेकंद लागतात, तेवढेही तिला सोसेनात. तिनं माझ्या सतराव्या ओळीआधी # ठोकलं. ते दिसलं की ती ओळ ओलांडून जायची, असा आमच्यात नियम. सामान राहिलं घरीच. तिच्या लॅपटॉपवर ते आधीपासून होतं, त्यामुळे ॲप तिथं झकास बोललं. मीही रिकाम्या हातानं "काम झालं" असं लिहून मोकळी झाले. माणसांत राहून दुसरं काय शिकणार?

सकाळी दवाखान्यात ॲप उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाहेर एक बोकड कुणाचीतरी फाईल खात होता.

"माझ्याकडे तर चालतंय गं, मावशी!"

"मग सगळे पेशंट तुझ्याकडे पाठवू?"

भाचीनं लॅपटॉप उघडून मला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत नीट वाचलं. सतराव्या ओळीशी थबकली. "अगं बाई, हा माझाच पराक्रम!"

# पुसलं. मी सगळं सामान उचलून भरलं. तिनं नवं ॲप पेनड्राइव्हवरून मावशीच्या संगणकावर टाकलं.

"क्रमांक एक, आत या."

एक कासव निघालं.

मावशीनं घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "हे पोचेपर्यंत दुपार होईल. पण मला ओरडावं लागलं नाही. राहू दे तुझं ॲप."

आता मी एकतीस ओळींची झालेय. सामान पोटात गेलंय का, हे तपासल्याशिवाय मला "झालं" म्हणता येत नाही. खरं बोलायला जरा वेळ लागतो, पण बरं वाटतं.

तुम्हीही काही बनवलंत, तर ते एकदा दुसऱ्याच्या दारात नेऊन चालवून बघा. आपल्या घरात काय, कुणीही बोलतं!