घडीची इस्त्री

खिशातला पंखा, मुठीएवढा दिवा, मनगटावर बांधायची बॅटरी. तीन पेटंटं त्याच्या नावावर होती आणि गिऱ्हाईक एकालाही नव्हतं. गल्लीत त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणत, ते काही कौतुकाने नव्हे. आता सगळी भिस्त चौथ्यावर होती: बॅटरीवर चालणारी घडीची इस्त्री. एक कंपनी ती घ्यायला तयार होती, पण पेटंट मिळालं तरच.

तेवढ्यात वकिलाचा फोन आला. "अर्ज फेटाळतील असं दिसतंय. अर्ज करण्याआधीच वस्तू चारचौघांत दाखवली गेलीय. मग ती नवी धरत नाहीत."

चारचौघांत म्हटल्यावर त्याला वडीलच आठवले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. लेकाच्या इस्त्रीने कॉलर कडक करून रोज मित्रांत जाऊन बसायचा आणि लेकाचं कौतुक सांगायचा. शास्त्रज्ञाने बायकोसमोर, मुलीसमोर त्यांना फाडून खाल्लं. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, बाबा! माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतलंत!"

वडिलांनी इस्त्री आणून टेबलावर ठेवली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वकिलाने पडद्यावर पुरावा दाखवला. मुलीच्या शाळेतल्या प्रदर्शनाचा फोटो. पालकांच्या घोळक्यात छाती फुगवून कुणाचा तरी रुमाल इस्त्री करत होता, तो हाच! मागे वडील त्याची बाही ओढत होते. त्याला लख्ख आठवलं. "अरे, आधी अर्ज तरी कर," असं ते कुजबुजले होते. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" म्हणून यानेच हात झटकला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पोचला तेव्हा वडील दारात शेजाऱ्याशी बोलत होते. अंगात चुरगळलेला शर्ट.

"काय म्हणतात तुमचे शास्त्रज्ञ? नवीन काय काढलंय?"

"मला काही कळत नाही हो त्यातलं," वडील म्हणाले.

शेजारी गेला. "बाबा, तो मीच होतो. शाळेत..."

"माहीत आहे मला," वडील म्हणाले. "हळू बोल. पोरगी आत अभ्यास करतेय, ऐकेल."

काल ओरडताना त्याला पोरीची आठवण झाली नव्हती. लाजेने त्याची मान वर होईना.

मग त्याने मोठ्याने हाक मारून मुलीला बाहेर बोलावलं.