गोलात पद्मिनी

"बाकीच्या सगळ्या पॉझिटिव्ह. सहाजणी उरल्यात," ओर्ला फोनवर म्हणाली. "तुला धरून सात."

"मला कशाला धरतेस?" पद्मिनीने विचारले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात झारा, आणि कढईत कोथिंबीर वड्यांचा दुसरा घाणा.

"सातपेक्षा कमी असलो तर रेफरी मॅच सुरूच करत नाही. ख्रिसमसच्या आधी एकदा मुली पुरल्या नाहीत म्हणून आपण मॅच सोडलीय. उद्या पुन्हा सोडली तर लीगमधून बाहेर."

"अगं, पण मी कोविड ऑफिसर आहे!"

"तू क्लबची मेंबर आहेस, कॉलेजची विद्यार्थिनी आहेस आणि तुला दोन पाय आहेत. उद्या बाराला मिनीबस निघेल. ग्रँड?"

आयर्लंडमध्ये 'ग्रँड?', म्हणजे 'ठीक ना?', असे विचारले तर 'ग्रँड' एवढेच उत्तर द्यायचे असते. पद्मिनीने ते दिले, फोन ठेवला, आणि मग आपण काय कबूल करून बसलो हे तिच्या ध्यानात आले. तोवर वड्या करपल्या होत्या.

पद्मिनी त्रेचाळीस वर्षांची होती. नवऱ्याच्या, श्रीरामच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे ती नागपूरहून आयर्लंडला आली, आणि डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कितीतरी वर्षे 'श्रीरामची बायको' आणि 'अश्लेषाची मॅम', म्हणजे आई, म्हणून राहिली. मग साथ आली. श्रीरामचे ऑफिस बंद पडून घरात आले. लॅपटॉप काय, कुठेही उघडता येतो, असे म्हणून त्याने बिऱ्हाड उचलून थेट स्लायगोला नेले. तेवढ्याच भाड्यात तिथे तीन बेडरूमचे घर आणि मागे समुद्र मिळत होता. घराबरोबर वाराही मिळतो, हे पहिल्याच आठवड्यात वाळत घातलेली चादर शेजारच्या शेतातल्या मेंढीवर जाऊन पडली तेव्हा कळले.

स्लायगोत पद्मिनीने कॉलेजात बालसंगोपनाच्या कोर्सला नाव घातले. पहिले वर्ष सगळे लॅपटॉपवरच गेले. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, वर्ग खरेच उघडले, आणि तिला दिसले की वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्या लग्नाच्या सुमारास जन्मल्या आहेत. क्लबांचा मेळावा होता त्या दिवशी ती मुलींच्या फुटबॉल टीमच्या टेबलाशी थांबली, कारण तिथे बिस्किटे होती. कॅप्टन ओर्लाने तिथेच तिला गाठले. प्रत्येक क्लबाला एक कोविड ऑफिसर हवाच, असा कॉलेजचा हुकूम होता आणि ते काम करायला एकही मुलगी तयार नव्हती.

पद्मिनी ते काम घरी दीड वर्ष फुकटात करत होती. दुधाचे खोके साबणाने धुणे, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवणे, पार्सल घेऊन आलेल्या नवऱ्याला पोर्चमध्येच ताटकळत ठेवणे. तिने होकार दिला. कपाळावर धरायची थर्मामीटरची पिस्तूल आली, सॅनिटायझरचा कॅन आला, आणि दर सरावाला "अंतर ठेवा गं, अंतर!" असे ओरडणारी ही बाई मुलींना फार आवडायला लागली. 'पद्मिनी' त्यांच्या जिभेवर टिकेना. दोनच आठवड्यांत तिची 'पॅडी' झाली. आयर्लंडमध्ये दर तिसऱ्या म्हाताऱ्याचे हे नाव असते, पण तिने मनावर घेतले नाही.

ओर्लाची गोष्ट तिला पुढे कळली. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली होती. मुली ड्रेसिंग रूममध्ये बूट चढवत असताना बातमी आली, आज संध्याकाळपासून सगळी कॉलेजे बंद. ती मॅच झालीच नाही. ओर्ला खिळ्यांचे बूट तसेच पायात ठेवून बसने घरी गेली. पुढचे अख्खे वर्ष कोरडे गेले, आणि आता तिचे शेवटचे वर्ष चालले होते.

रात्री जेवताना पद्मिनीने बातमी फोडली.

"मॅम, स्टॉप!" चौदा वर्षांची अश्लेषा म्हणाली. मराठी तिला सगळे कळायचे, उत्तरे मात्र स्लायगोच्या इंग्रजीत यायची. "माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या बहिणी त्या कॉलेजात आहेत. मी मरेन!"

"तुझा गुडघा?" श्रीरामने विचारले.

"गोलात उभं राहायचंय नुसतं."

सासूबाई, शारदाबाई, दिवाळीला म्हणून भंडाऱ्याहून आल्या होत्या आणि ओमायक्रॉनच्या बातम्या ऐकून परत जायचे नाव घेत नव्हत्या. त्यांनी वरणभाताचा घास हातातच धरला.

"थे पोरगी फोनवर तुले काय म्हणते वो? पॅडी? पॅडी म्हंजे धान नं? आपल्या भंडाऱ्यात पिकते थो?"

"हो आई."

"अन् आता या वयात पोरींच्या लाता खाऊन राहिली का तू?"

"लाता बॉलला मारतात, आई."

"मंग थो बॉल कोनाच्या अंगावर येते?"

श्रीराम उठला, जिन्याखालच्या कपाटातून क्रिकेटचे कीपिंग ग्लोव्हज काढून घेऊन आला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवले. हॉस्पिटलातल्या भारतीय डॉक्टरांच्या टीमकडून तो रविवारी खेळायचा. टीमच्या खऱ्या गोलकीपरचे, क्लोडाचे ग्लोव्हज क्लबात होते. पण एकीचे सामान दुसरीने वापरायचे नाही, हा नियम पद्मिनीनेच केला होता.

दुसऱ्या दिवशी कासलबारपर्यंतचा सव्वा तासाचा प्रवास मिनीबसच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून झाला. हाही नियम तिचाच. जानेवारीचा वारा एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडत होता आणि वाटेत सात जणींची नाके घेऊन जात होता. कोच डेक्लन गाडी चालवत होता. एरवी तो कॉलेजात प्लंबिंग शिकवायचा आणि बोलायचा बेताचेच.

"काही सूचना?" पद्मिनीने त्याला विचारले.

डेक्लनने पाचेक मैल विचार केला. "बॉल आला," तो म्हणाला, "की अडव."

मैदानावर समोरच्या टीमच्या पंधरा मुली उड्या मारून अंग गरम करत होत्या. रेफरीने पद्मिनीचे ग्लोव्हज हातात घेऊन उलटसुलट पाहिले. तिच्या लेगिंग्जकडे पाहिले. क्लबच्या हिरव्या जर्सीखाली घातलेल्या, सासूबाईंनी विणलेल्या स्वेटरकडे पाहिले. मग आभाळाकडे पाहून शिट्टी वाजवली.

पहिला गोल झाला तेव्हा पद्मिनी उजवीकडच्या खांबाला हात लावून बघत होती, तो किती लांब आहे ते. दुसरा तिच्या डोक्यावरून गेला. तिसऱ्याच्या वेळी समोरची मुलगी चिखलात घसरून पडली, पद्मिनी "लागलं का गं?" म्हणून धावली, आणि मागून आलेल्या दुसऱ्या मुलीने बॉल निवांत आत ढकलला.

"पॅडी!" ओर्ला ओरडली. "त्यांची काळजी नंतर कर!"

चौथा गोल झाला. आणि मग एक फटका आला तो थेट पद्मिनीच्या पोटात. ती दोन पावले मागे गेली, खाली बसली, आणि तिला दिसले की बॉल आपल्या मांडीवर आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून तिच्या सहाजणी किंचाळत धावत आल्या. मिठी मारायला पुढे झालेले हात तिच्यासमोर येऊन कसेबसे थांबले, कारण ती कोविड ऑफिसर होती. पुढचा फटका तिने तोंडाने अडवला. नाकातून थोडे रक्त आले. डेक्लनने बाजूच्या रेषेवरून अंगठा वर केला. मुली म्हणाल्या, त्याने असे केलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

हाफ-टाइमला पाच-शून्य झाले होते, आणि तरी सगळ्या हसत होत्या. सात जणी अकरा जणींसमोर उभ्या राहिल्या होत्या. मॅच पुरी झाली की लीगमधली जागा शाबूत. पद्मिनीने पिशवीतून वेगवेगळ्या कागदांत बांधलेल्या वड्या काढल्या. सासूबाईंनी स्वतः वाटलेल्या हिरव्या मिरचीच्या होत्या. पहिल्याच घासाला ओर्लाच्या डोळ्यांतून पाणी आले. दुसऱ्या दोघी पाण्याच्या बाटल्यांकडे धावल्या. एकटी ईफा, पांढऱ्या पापण्यांची, केचपलाही तिखट म्हणणारी मुलगी, शांतपणे वडी चावत होती.

पद्मिनीचे लक्ष गेले.

"ईफा, तिखट नाही लागत?"

"नाही गं." ईफाने उरलेली वडी चावून गिळली. "खरं सांगू? राग नको मानू. पुठ्ठ्यासारखं लागतंय."

सगळ्यांचे चावणे थांबले. मग एकेक करून सगळ्यांनी पद्मिनीकडे पाहिले.

तिच्या पिशवीत अँटिजेन टेस्टची पाकिटे होती.

"पॅडी," ओर्ला हळूच म्हणाली, "पंचेचाळीस मिनिटं. मग कर टेस्ट. एवढीच पंचेचाळीस मिनिटं."

ओर्ला कधी विनवणी करत नसे. पद्मिनीने तिच्या पायांतल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिले. आणि तिला स्वतःचेच नवल वाटले, कारण तिलाही उरलेली मॅच खेळायची होती. नाक ठणकत होते, गुडघा बोलत होता, तरी जाऊन त्या दोन खांबांच्या मध्ये उभे राहावेसे वाटत होते. इतक्या वर्षांत तिच्यावाचून कुणाचे काही अडावे, असे आजच घडत होते.

पण घरी सासूबाई होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाच्या. तशाच कुणी ना कुणी त्या पलीकडच्या पंधराजणींच्या घरीही असणार.

तिने पाकीट फोडले. "नाक पुढे कर, ईफा."

पट्टी डगआउटच्या बाकावर ठेवून सगळ्या भोवती उभ्या राहिल्या. पहिली रेघ उठली. दुसऱ्या जागी बराच वेळ काहीच नव्हते. मग रेफरी घड्याळ पाहू लागला तेव्हा तिथे काहीतरी गुलाबीसर आले.

"सावली आहे ती," ओर्ला म्हणाली.

"पट्टीवरचा डाग," दुसरी म्हणाली.

"ओल असेल," ईफा स्वतः म्हणाली.

डेक्लनने चष्मा लावला, वाकून पाहिले आणि उसासा टाकला. "शेजारच्या लिट्रिम काउंटीतल्या रस्त्यांवरचे पट्टे याहून फिके असतात," तो म्हणाला. "रेघच आहे पोरींनो."

सांगायला पद्मिनीच गेली. मैदान ओलांडायला तिला फार वेळ लागला. "आमची एक मुलगी पॉझिटिव्ह आहे," ती म्हणाली. रेफरी आधी चार पावले मागे सरला आणि मग तिथूनच त्याने शिट्टी वाजवली, लांबलचक. मॅच संपली आणि सीझनही संपला.

परतीच्या वाटेत ईफा मागच्या सीटवर एकटीच रडत होती. ओर्ला कॉलेजच्या फाटकापाशी उतरली, दार लावले आणि मागे न बघता गेली.

तिसऱ्या दिवशी पद्मिनी पॉझिटिव्ह आली आणि वरच्या छोट्या खोलीत बंद झाली. ताप फारसा नव्हता, पण मन लागेना. दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज यायचा.

"जेवून घे वो," शारदाबाई बंद दारातून सांगायच्या. "त्या पोरी फोन नाही करून राहिल्या का?"

"नाही आई."

"करतीन. तू काही खोटं नाही केलं." मग थोडे थांबून, "मले तं काईच नाही झालं पाय. मिरची खाते मी."

एकदा संध्याकाळी दाराबाहेर कोणीतरी पाठ टेकून बसल्यासारखे वाटले.

"मॅम? तू किती अडवलेस?"

"दोन."

"दोन? खरंच?"

"एक पोटानं, एक तोंडानं."

"दॅट्स क्लास, मॅम," अश्लेषा म्हणाली. आणि मग अडखळत, मराठीत, "दुखते का अजून?"

पद्मिनीने दाराच्या आतून नुसतेच "नाही गं" म्हटले. मग तीही आतून दाराला पाठ टेकून बसली.

ओर्लाचा फोन शनिवारी आला. सातपैकी पाचजणी पॉझिटिव्ह होत्या, तीही. कासलबारच्या मुलींत मात्र एकही नाही.

"त्या दिवशी गाडीत मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या," ओर्ला खोकत म्हणाली. "आयरिशमध्ये. इंग्रजीतल्या पुरल्या नाहीत."

"मला समजलं होतं."

"आयरिश?"

"शिव्या."

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनाही खोकला लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी सरकारने मास्कची सक्ती उठवली. कॉलेजचे पत्रक निघाले की कोविड ऑफिसरची गरज आता उरलेली नाही. पद्मिनीने थर्मामीटरची पिस्तूल आणि सॅनिटायझर ऑफिसात जमा केले. तिथल्या मुलीने पिस्तूल कुठल्याशा खोक्यात टाकली. तरी पुढच्या बुधवारी पद्मिनी सरावाला गेली. कोणी विचारलेही नाही की कशाला आलीस.

मेच्या सुरुवातीला लीगची फायनल दुसऱ्याच दोन टीमांत झाली. त्याच आठवड्यात ओर्लाचा शेवटचा पेपर होता. संध्याकाळी मुली मैदानावर जमल्या, आपापसांतच उजेड होता तोवर खेळल्या, आणि एकेक करून निघून गेल्या. उन्हाळ्यासाठी गोलच्या जाळ्या काढून ठेवायच्या होत्या. ओर्ला आणि पद्मिनी मागे राहिल्या.

ओर्लाने जाळी खांबावरून ओढून काढली आणि गोळा करून तशीच पिशवीत कोंबायला लागली.

"अशी नको," पद्मिनी म्हणाली. "गुंता होईल. दोन टोकं धर."

ओर्लाने धरली. पद्मिनीने दुसरी दोन टोके धरली आणि मागे मागे जात जाळी ताणली, ओली साडी दोघींनी धरून ताणावी तशी. दोनदा झटकली. त्यातून सुके गवत आणि चिखलाची ढेपळे खाली पडली. समुद्राकडून वारा येत होता आणि जाळीत शिरून निसटून जात होता.

"आता टोकाला टोक लाव," पद्मिनी म्हणाली, "आणि माझ्याकडे ये."

ओर्ला गवतातून चालत आली आणि तिने आपली टोके पद्मिनीच्या हातात दिली. पद्मिनीने खाली वाकून घडी उचलली आणि पुन्हा तिच्या हातात दिली.

"अजून एकदा," ती म्हणाली.