लेकीच्या सासरची लाईन

राउटरला सोयरीक कळत न्हाई. आमच्या मालकाला, गुंडेरावला, मी हे तोंड दुखेस्तोवर सांगितलं. पण लेकीचा बाप तो. त्याच्या कानात माझं बोलणं शिरंल तर शपथ.

मी भीमाशंकर, जनवाड्याचा. आज्जा मेंढरं राखायचा, बाप रोजगारानं जायचा. मी हैदराबादला नेटवर्किंगचा कोर्स केला अन् बिदरात गुंडेरावच्या इंटरनेट कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे काय, आधी केबल टीव्हीचं दुकान होतं, तेच वाढत गेलं. २०११ साली बिदरातले लई सायबर कॅफे अन् दोन-तीन कॉलेजं आमच्या जिवावर चालायची. मालक माणूस वाईट न्हाई. फक्त ऐकत न्हाई.

आमच्याकडनं बाहेर जायला दोन रस्ते होते. एक हैदराबादची लाईन, झहिराबादवरनं आलेली, एकदम दणकट. दुसरी गुलबर्ग्याची, हुमनाबादवरनं आलेली. राउटरमधी दर रस्त्याला एक नंबर द्यावा लागतो. नंबर जेवढा लहान तेवढा त्या रस्त्याचा मान मोठा. एक नंबरचा रस्ता जित्ता हाय तोवर सगळा कारभार तिकडनंच जातो, दहा नंबरवाला नुस्ता बसून राहतो. एकवाला मेला, की मग दहावाला उठतो. आता चांगली लाईन एकवर ठेवायची अन् रडकी लाईन दहावर, हे शेंबड्या पोरालाबी कळंल. आमच्याकडं उलटं होतं. गुलबर्गा एक, हैदराबाद दहा. कामून? तर गुलबर्ग्याची लाईन व्याह्यांची.

मालकाची एकुलती एक लेक स्नेहा. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली, डोक्यानं तल्लख. बघायला आले तवा तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, की मी घरात बसणार न्हाई, काम करणार. बैठकीतली माणसं एकमेकाकडं बघायला लागली. तिचे होणारे सासरे, तात्याराव, त्यांचाबी गुलबर्ग्यात हाच धंदा. ते हसत म्हणले, करू द्या की काम, बिदरची लाईन आमच्याकडनं घ्या, सूनबाई आमच्या ऑफिसात बसून ती लाईन सांभाळंल. मालकाला कळायचं ते कळलं. बिदरचा कारभार त्यांच्या लाईनीवरनं चालतोय तोवर पोरीला खुर्ची. तो तिथनं हलला, की पोर चुलीपुढं.

आमच्या भागात लेकीच्या सासरचं माणूस दारात आलं, की पहिलं पाणी त्याला, पहिलं पान त्याला, टावेल-टोपी त्याला. गावचा पाटील का असंना, तो मागनं. लग्न झालं अन् मालकानं तीच टावेल-टोपी राउटरला घातली. मला म्हणला, गुलबर्ग्याला एक नंबर दे अन् त्याला हात लावू नको. स्नेहाला ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, आपली लाईन चांगली म्हणून बिदर आपल्यावर चालतंय.

अन् ती राबायचीबी तशीच. बिदरपासून हळ्ळीखेडपर्यंत ती लाईन टॉवरवरनं जायची अन् पुढं जमिनीतली केबल. हुमनाबादकडं रस्ता रुंद करायचं काम निघालं, अन् जेसीबीवाले आज हितं तर उद्या तिथं केबल तोडायला लागले. स्नेहा गड्यांना घेऊन जीपनं यायची, उन्हात उभी राहून केबल जोडून घ्यायची, मला फोन करून म्हणायची, भीमाअण्णा, बघा आता. मीबी बघून सांगायचो, आली अक्का. तिचं कौतुक वाटायचं अन् मालकाचा राग यायचा.

कारण घोडं पेंड खायचं ते टॉवरपाशी. केबल पुढं तुटायची, पण टॉवर जित्ता राहायचा. राउटरला रस्त्याच्या तोंडापुरतंच दिसतं. त्याला वाटायचं रस्ता चालू हाय, अन् सगळं तिकडंच ढकलायचा. हैदराबादची लाईन धडधाकट, पण तिला कोण विचारतंय? रस्त्याच्या पार टोकापर्यंत हाक मारून बघणारा राउटर मिळतोय, पण आमचा डबा जुना, त्याला ते यायचं न्हाई.

जून महिन्यात एक दिवस हे पुरतं अंगावर आलं. बारावी झालेल्या पोरांना इंजिनिअरिंगची कॉलेजं निवडून इंटरनेटवर भरायची होती, अन् तो शेवटचा दिवस होता. औराद, भालकी, कुठनं कुठनं पोरं बापाला घेऊन बिदरला आलेली. सकाळीच केबल तुटली. सगळ्या कॅफेंत पडदे पांढरेफटक. कॅफेवाले आमच्या दारात येऊन शिव्या द्यायला लागले, अन् त्या बरोबरच होत्या. मी मालकाला म्हणलं, नंबर फिरवू द्या, एका ओळीचं काम हाय. मालक राउटरच्या कपाटाला पाठ लावून उभा. थांब म्हणला, स्नेहा करायलीय दुरुस्त. त्याच्या कपाळावरनं घाम गळत होता. मला कीवबी आली अन् एक ठेवून द्यावीबी वाटली.

दुपार कलली तशी एक बाई, पोरीचा हात धरून, आमच्या पायरीवर येऊन बसली. बसून राहिली नुस्ती. मी बाहेर गेलो अन् स्नेहाला फोन लावला.

ती गुलबर्ग्यात ऑफिसातच होती, गडी हुमनाबादकडं खड्ड्यात उतरलेले. आणखी अर्धा तास म्हणली. मग तिनंच विचारलं, की आमची केबल तुटली तर तुमचं काम हैदराबादवरनं चालायला पायजे, तिकडं कामून जाईना? मी म्हणलं, तुमचा टॉवर जित्ता हाय अन् तुमचा नंबर एक हाय.

"एक?" ती म्हणली. "एवढी तुटायली लाईन, तिला एक नंबर कामून दिलाव?"

माझं टाळकं सकाळपासून तापलेलं. सांगून टाकलं. म्हणलं, मी दिला न्हाई, अक्का, अप्पांनी द्यायला लावला. तुमची खुर्ची त्या नंबरावर हाय. लाईन बघून दिला असता तर तुम्ही कवाच्या दहावर असता.

मी हॅलो हॅलो केलं. मग ती एवढंच म्हणली, "मला वाटलं होतं, तुम्ही मोजून-मापून ठेवलाव." अन् फोन ठेवला.

मी आत येऊन बघतो तर गुलबर्ग्याचा टॉवर मेलेला. तिनं हळ्ळीखेडच्या टॉवरवरच्या गड्याला फोन करून तिकडचं मशीनच बंद करायला लावलं होतं. राउटरला कळलं रस्ता गेला, अन् हैदराबादची लाईन उठून उभी राहिली. कॅफेंत गलका झाला. पायरीवरची बाई पोरीला घेऊन पळत गेली. सांजेपर्यंत पोरांचं भरून झालं.

मालकाला कुणी सांगायची गरज पडली न्हाई. त्यानं फोन लावला, मी शेजारीच होतो. आधी रागवला, मग गयावया करायला लागला. चालू कर म्हणला, तात्याराव बघतील, तुझी खुर्ची जाईल, पोरी. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"चालू करते, अप्पा. पण आमचा नंबर दहा करा. एक नंबरची लाईन पडली अन् माझी टिकली, तर ती खुर्ची माझी. तुम्ही घेऊन दिलेली मला नको."

मी काही मालकाच्या होकाराची वाट बघितली न्हाई. नंबर फिरवले.

त्यानंतर स्नेहानं हुमनाबादची सगळी केबल खोल गाडून घेतली, जेसीबीचं नख लागणार न्हाई अशी, हे मला त्यांच्या गड्याकडनं कळलं. मला तिचा फोन काही आला न्हाई, अन् बापाला ती नुस्तं बरी हाय एवढंच सांगायची. दहावरच्या लाईनीत काम नसतं, फोन करायचा कशाला? मालक अधनंमधनं विचारायचा, गुलबर्गा कसं हाय. मी म्हणायचो, बसून हाय.

दसऱ्याच्या आसपास हैदराबादची लाईन पडली. तिकडं कुठंतरी पुलाचं काम निघालं होतं. राउटरनं मला न विचारता कारभार गुलबर्ग्यावर टाकला, अन् दिवसभर त्या लाईनीनं एक ठेचसुद्धा खाल्ली न्हाई. बिदरात कुणाला पत्ताबी लागला न्हाई. सांजेला मी मालकाला सांगितलं, तुमच्या लेकीच्या लाईनीनं आज सगळं पेललं बघा. त्याचं तोंड उजळलं. लाव ऑफिसात फोन, म्हणला, मीच सांगतो तिला.

ऑफिसचा फोन तात्यारावांनी उचलला. मालकानं आनंदानं सगळं सांगितलं अन् पोरीला द्या म्हणला. मोबाईलचा आवाज मोठा केलेला होता. तात्याराव म्हणले, लाईन टिकायचीच, आता ऑफिसातली पोरं बघत्यात. सूनबाई घरी हाय. कवापासून, असं मालकानं विचारलं.

"झाले की दोन-तीन महिने," तात्याराव म्हणले. "दहा नंबरच्या लाईनीला माणूस कशाला बसवायचं, व्याही?"

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. धंद्याचं बोलल्यासारखं बोलले. दिवाळीला या म्हणले अन् ठेवला फोन.

मला लई वाईट वाटलं. केबल गाडून घेतली अन् घरी गेली ती. तिची लाईन टिकली हे तिला सांगायलासुद्धा कुणी नव्हतं.

मालक म्हणला, भीमा, गुलबर्ग्याला एक नंबर कर, आत्ता. मी म्हणलं करतो, लाईन आता तेवढ्या लायकीची हाय. पण नंबरानं तुमची लेक परत खुर्चीत बसंल असं समजू नका. तात्याराव बोलवतील, ती जायची न्हाई. मालकानं उठून जीपची किल्ली घेतली.

मी विचारलं, असं न कळवता व्याह्यांच्या दारात जाता व्हय, लोकं काय म्हणतील?

"व्याह्यांकडं न्हाई जायलोय," मालक म्हणला. "लेकीकडं जायलोय."