ज्वारीवरचा सिनेमा

‘सात तोंडांचा जावई’ हा सिनेमा हुमनाबादच्या एका तंबू-टॉकीजवाल्याने हौसेपोटी काढला होता. जावई दर खेपेला नवं तोंड घेऊन सासुरवाडीला येतो, एवढीच गोष्ट. सिनेमा चालला नाही, हे वेगळं सांगायला नको. पण असल्या चक्रम, कुठेच न मिळणाऱ्या सिनेमांपायी वेडी होणारी माणसं असतात, आणि भालकीच्या हायस्कुलातले नागेश मास्तर त्यातले पक्के. एकुलती एक व्हिडिओ कॅसेट निर्णा गावच्या कमलबाईंकडे आहे असं कळताच रजा टाकून ते निघाले.

कमलबाईंनी बोट दाखवलं ते रानाकडे. कॅसेटमधली काळी पट्टी ज्वारीवर बांबूंना ताणून बांधली होती. वाऱ्यावर ती चमकायची, भर्रर्र वाजायची, आणि पाखरं लांब राहायची. मास्तर बांधाकडे धावले.

“अक्का, सोडून घेऊ का?”

“अन् पाखरं कोण राखावं? काढणी झाल्यावर ने.”

तोवर ऊन आणि दव काय शिल्लक ठेवणार होतं?

“मी राखतो की,” मास्तर म्हणाले, आणि खरंच गोफण घेऊन मचाणावर चढले. रजा संपेपर्यंत हाका मारून घसा बसला, खांदा उतरायची पाळी आली. पाखरांनी उसंत दिली की खाली यायचं, पट्टी सोडवायची, मऊ फडक्यानं पुसून रिळावर गुंडाळायची.

“एवढं कामून मरायलास?” भाकरी देताना कमलबाईंनी विचारलं. “लई चांगलाय का पिक्चर?”

“न्हाई, अक्का. पण दुसरा कुठं न्हाई.”

शेवटी मास्तरांनी पट्टी पुन्हा कॅसेटमध्ये बसवली आणि आपला व्हिडिओ प्लेअर आणून कमलबाईंच्या टीव्हीला जोडला. चित्र वाकडं, आवाज खरखरीत. कमलबाईंनी आधी नाक मुरडलं. तिसऱ्या तोंडाला हसल्या. सहाव्याला पदराने डोळे पुसू लागल्या. जावयाने पुन्हा कडी वाजवली आणि पट्टी संपली.

“सातवं तोंड?”

“पट्टी एवढीच होती.”

“राहिलेली तिप्पण्णानं नेली, शेजारच्या रानात. चल.” त्यांनी पदर खोचला.

मास्तर बसूनच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्यासारख्याच सिनेमावेड्या दोस्तांनी विचारलं ते एकच, प्रत कुणाकडं आहे? पुढे काय होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. त्यांना लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

“उठ की,” कमलबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. “जावई दारात उभा हाय.”