सव्वीस फुटांचा खिळा

मी हुशार होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं ते मूर्खपणानं झालं असतं, तर मी स्वतःला कधीच माफ करून मोकळा झालो असतो.

आणीबाणी उठली त्या साली मी सांगलीला पुराच्या कचेरीत लागलो. कचेरी कसली, एक खोली, एक काळा फोन, आणि भिंतीवर सयाजीतात्यांची फळी. कराडच्या पुलाच्या खांबावर फूटपट्टी रंगवलेली होती. पावसाळ्यात तिथला माणूस दर तासाला फोन करून पाण्याचा आकडा सांगायचा. तात्यांच्या फळीवर पंधरा फुटांपासून पुढं एकेका फुटाला एक खिळा होता, असे चोवीस खिळे. कराडला जेवढे फूट लागल्यावर ज्या गावात पाणी शिरायचं, त्या गावाची चिठ्ठी त्या खिळ्याला टोचलेली. एखाद्या खिळ्याला एकच चिठ्ठी, एखाद्याला सात. आकडा आला की तात्या त्या खिळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवायचे, एकेक वाचून फोन करायचे, फोन नसेल तिथं शिपायाला सायकलवरून पिटाळायचे, आणि चिठ्ठ्या परत जागेवर टोचायचे. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं.

त्यांचे दोन नियम होते. ज्याचं घर बुडणार, त्यानंच आपल्या हातानं चिठ्ठी टोचायची. आणि एकदा टोचलेली चिठ्ठी कधी काढून टाकायची नाही.

"आपल्या हातानं टोचली की मानूस रातीला निजतो," तात्या म्हणायचे. "न्हाईतर कागदावर कोन इस्वास ठेवतंय?"

सव्वीस फुटांच्या खिळ्याला तीन चिठ्ठ्या होत्या. सगळ्यात खाली, पिवळी पडलेली, सावळगावची. ते मोठं गाव, तिथं फोन होता. तिच्यावर मी टोचलेली, कुंभारमळीची. माझी थोरली बहीण शकिलाआपा तिथं दिलेली. दाजींची नदीकाठच्या मळीत वीटभट्टी होती आणि भट्टीला लागूनच आठ खोपटी. कचेरीत रुजू झालो त्या दिवशी आपाच्या वतीनं पहिली चिठ्ठी मी ती लिहिली. खाली लिहिलं, 'फोन नाही, माणूस पाठवणे.'

सगळ्यात वर बिराप्पाची. बिराप्पा मेंढरं मोडून एका बागाईतदाराच्या मळीत वाट्यानं राहिला होता. चार खोपटी, बायको बनुबाई, दोन पोरं, सुना, नातवंडं. तो खांद्यावर घोंगडं टाकून कचेरीच्या दारात तासभर नुसता उभा होता. लिहिता येत नव्हतं म्हणून चिठ्ठी मी लिहून दिली. मग त्यानं कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली, अंगठा हळदीत बुडवला आणि चिठ्ठीवर उठवला. मग खिळ्याला कागद त्यानं आपल्या हातानं टोचला.

"निरोप येईल न्हवं?" त्यानं मला विचारलं.

"येणार म्हणजे येणारच," मी म्हणालो. माझं वय तेव्हा चोवीस होतं. मी कशाचंही वचन देत असे.

पुढच्या साली नवे साहेब आले. त्यांना फळी बघवेना. मंत्री कचेरी बघायला आले तर काय दाखवायचं, खिळे? मी गणितात पदवी घेतलेली आणि पुण्याला सहा महिने कॉम्प्युटरचा वर्ग केलेला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे सगळं मशीनमध्ये घालता येईल?" मी म्हणालो, "का नाही?" हा माझा आवडता शब्द होता.

फळीवरच्या एकसष्ट चिठ्ठ्या मी उतरवून घेतल्या. एका चिठ्ठीचं एक पंचकार्ड, मशीनला वाचता येणारा भोकं पाडलेला पुठ्ठा. प्रत्येक खिळा वरून खाली उतरवत गेलो, म्हणजे वरची चिठ्ठी आधी, तळाची शेवटी. मशीनला सांगितलं, प्रत्येक फुटाचा एक खण कर आणि त्या खणात गावाचं नाव ठेव. पुण्याला मशीन तासाच्या भाड्यानं मिळायचं. आधी दहा कार्डं घालून पाहिली, दहाही वेगवेगळ्या फुटांची. दहाच्या दहा नावं बरोबर छापून आली. मग पुरा गठ्ठा दिला आणि यादी घडी करून परत निघालो. एसटीत ती दोनदा उघडून पाहिली. काय सुरेख दिसत होती! फूट, गाव, निरोपाची रीत. फूट, गाव, निरोपाची रीत.

खणात एकच नाव मावत होतं. दुसरं आलं की पहिलं पुसलं जायचं, तिसरं आलं की दुसरं. मशीन तक्रार करत नाही, मी तसं शिकवलंच नव्हतं. आणि तळाची चिठ्ठी शेवटी गेल्यामुळं प्रत्येक खणात उरलं ते सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं गाव. साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. त्यांना ठाऊक असलेलं प्रत्येक गाव तिच्यात होतं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

तात्यांनी मात्र यादी बराच वेळ हातात धरली. त्यांना निवृत्त व्हायला चार दिवस राहिले होते.

"लय सवच्छ हाय," ते म्हणाले. "नियाज, माजी फळी येवढी सवच्छ कवाच नव्हती."

"म्हणून तर केलं, तात्या."

"एवढ्या चिठ्ठ्या हितं मावल्या व्हय रं?"

"मशीन आहे ते. त्यात अख्खा जिल्हा मावेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि यादी टेबलावर ठेवून दिली. चोवीस ओळी होत्या. पोरानंही बोटं मोडून मोजल्या असत्या. मी मोजल्या नाहीत, कारण मी हुशार होतो. फळी खाली उतरली, शिपायानं ती मागच्या खोलीत उभी करून ठेवली. चिठ्ठ्या मी बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. भिंतीवर पंचवीस वर्षांच्या उन्हानं न विटलेला एक चौकोन तेवढा राहिला, आणि का कोण जाणे, त्याच्याकडं बघायला मला आवडायचं नाही.

जुलैच्या शेवटी पाऊस घाटावर आठ दिवस बसला. मी पुण्याला यादीच्या आणखी प्रती छापायला गेलो होतो. दुपारी दोनला परतलो तेव्हा कचेरीत भाऊसो एकटाच होता. हा तात्यांच्या जागी आलेला पोरगेला कारकून. साहेब शिपायाला घेऊन जीपनं कराडला गेलेले.

"किती आहे?" मी छत्री मिटत विचारलं.

"सकाळी नवाला सव्वीस लागलं, नियाजभाई. लगेच फोन केला. हे बघा, खूण केलीया."

कराडला सव्वीस लागलं की आठ तासांनी पाणी मळीत. म्हणजे पाच वाजता.

"कुंभारमळीला कोण गेलं?"

"कुठं?"

"कुंभारमळी. भट्टी. माणूस पाठवायचा असतो तिथं."

भाऊसोनं यादी माझ्यापुढं सरकवली. सव्वीस फूट, सावळगाव, फोन. त्याच्या खाली सत्तावीस.

 मी वरपासून ओळी मोजल्या. चोवीस. परत मोजल्या. एकसष्टातल्या सदतीस चिठ्ठ्या मी माझ्या हातानं पुसल्या होत्या, आणि सगळ्या गरिबाच्या. मी बिस्किटांचा डबा टेबलावर उलटा केला. माझी चिठ्ठी सापडली, आणि तिच्या शेजारीच पिवळ्या अंगठ्याची.

"सव्विसाच्या आतल्या आणि पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या वाच," मी भाऊसोला म्हणालो. "फोन असेल तिथं फोन लाव. कुणी उचलला नाही तर परत लाव. उठायचं नाही."

"बरं. नियाजभाई, सकाळी सयाजीतात्या आलते. आकडा इच्यारला, यादी बघितली, तुमी कवा येणार त्ये इच्यारलं. मग कायतरी पुटपुटत सायकल घेऊन गेले."

मी ते ऐकलं. कुठं गेले, हे विचारलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि सायकल काढली.

सावळगावच्या अलीकडं ओढ्याजवळ रस्ता फुटतो. डावीकडं दीड कोसावर कुंभारमळी, उजवीकडं तेवढ्याच अंतरावर बिराप्पाची वस्ती. मी तिथं पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ओढ्याचं पाणी उलटं वाहत होतं. नदी चढायला लागली की ओढा मागं सरतो, हे त्या बाजूच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी एक पाय टेकून उभा राहिलो. एकीकडं आपा होती, जिनं आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घातलं. दुसरीकडं एक हळदीचा अंगठा होता, आणि 'येणार म्हणजे येणारच' हे माझेच शब्द.

किती वेळ उभा होतो? खोटं कशाला सांगू, फार वेळ नाही. मी डावीकडं वळलो. आधी आपा, मग माघारी येऊन बिराप्पा, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगत होतो.

कुंभारमळीत चिटपाखरू नव्हतं. भट्टी थंड, खोपटी उघडी, चुलीतली राख भिजलेली. एका दोरीवर आपाची ओढणी तेवढी राहिली होती.  मग वरच्या अंगाला टेकडीवरच्या दर्ग्यातून धूर दिसला, आणि मी सायकल टाकून चिखलातून वर पळालो.

सगळे तिथं होते. आपा, दाजी, पोरं, शेळ्या, आठ घरांची गाठोडी. आपानं मला बघितलं आणि रडायलाच लागली. मीही रडलो. त्या दोन मिनिटांत मला जगात दुसरं काही नको होतं.

मग ओवरीच्या कोपऱ्यात, पोत्याचा घोंगता पांघरून बसलेले सयाजीतात्या दिसले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. साठीच्या माणसानं पावसात पाच कोस सायकल मारली होती, आणि घर सोडायला तयार नसलेल्या आठ कुटुंबांना शिव्या घालून, हाताला धरून वर आणलं होतं. त्यातच सगळी दुपार गेली होती.

मला बघून त्यांनी डोक्यावरचा घोंगता मागं सारला.

"तू हितं कसा?"

"आपा... तात्या, तुमचे उपकार..."

"आरं, तुज्या चिठ्ठीचं काम मी उचललं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "म्हटलं पोरगं पुण्याला हाय, त्येच्या भनीचं आपुन बघू. दुपारच्याला आला की दुसरी चिठ्ठी त्यो बघंल. मला वाटलं, तू बिराप्पाकडं गेला असशील."

 मी खाली पळत सुटलो, सायकल उचलली. फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा पाच वाजायचे होते, पण ओढा रस्त्यावर आला होता. गढूळ, रुंद, त्यात कडब्याच्या पेंड्या गोल फिरत होत्या. मी छातीपर्यंत पाण्यात शिरलो. मागून तात्यांनी आणि दाजींनी मला ओढून काढलं. उजवीकडचा रस्ता कुठं सुरू होतो तेही आता दिसत नव्हतं. त्या बाजूनं एक कुत्रं भुंकत होतं, बराच वेळ. मग ते थांबलं.

शहरात पाणी आलं नाही, त्यामुळं बोभाटा झाला नाही. सावळगावची सगळी माणसं वाचली. खालच्या खिळ्यांवरच्या वस्त्यांत दरसाल पाणी येतं, ती माणसं आधीच वर सरकली होती. बिराप्पाच्या वस्तीवर बनुबाई आणि दोन नाती गेल्या. बाकीचे बाभळीवर रात्रभर लटकून राहिले. साहेबांनी अहवालात लिहिलं, यादीतील सर्व गावांना वेळेत निरोप पोचले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सहाव्या दिवशी बिराप्पा कचेरीत आला. तात्याही तिथंच होते. मागच्या खोलीतून फळी काढून ते भिंतीला लावत होते, कुणाची परवानगी न घेता. बिराप्पाच्या अंगावर घोंगडं नव्हतं. त्यानं फळीवर सव्विसाचा खिळा शोधला. त्याला आकडे वाचता येत नव्हते, पण जागा आठवत होती. खिळा मोकळा होता.

"माजी चिठ्ठी?" त्यानं विचारलं.

मी खिशातून काढून दिली. पाण्यानं भंडारा पसरून सगळा कागद पिवळा झाला होता, अंगठा काही उरला नव्हता. त्यानं ती तळहातावर पसरली. त्यानं मला तुडवून काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तो ओरडला नाही.

"मंजी चिठ्ठी हुती," तो म्हणाला. "मला वाटलं, हारवली आसंल. मग निरोप कुनाला ग्येलाच न्हाई व्हय?"

तात्यांचा हातोडा थांबला. ते काहीतरी बोलणार होते. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"गेला," मी म्हणालो. "दोन माणसं गेली होती, बिराप्पा. दोघंही माझ्या बहिणीकडं."