मागची बाजू नसलेला बंगला

मी एक जुना सॅम्पल बंगला आहे. वयाने नव्हे हो, अपमानाने जुना. मित्रांनो, अपमान झाला की बंगले लवकर म्हातारे होतात.

माझ्यासमोर पाटी होती : 'जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराच्या शैलीतले बंगले विकणे आहेत.' त्या थोर माणसाने मला पाहिले असते तर जागच्या जागी हाय खाल्ली असती. माझा जन्म कॅलेंडरवरच्या एका फोटोतून झाला. बिल्डर भाऊसाहेबांनी तो मिस्त्रीच्या हातात दिला आणि म्हणाले, "हुबेहूब असाच."

"फोटोत मागची बाजू दिसत नाही, भाऊसाहेब."

"दिसत नाही ना? मग करू नको. गिऱ्हाईक पुढून येतं, पुढूनच जातं."

झाले! मागे कोरी भिंत उठली. ना दार, ना खिडकी. दिवाणखान्यातल्या शेकोटीचे धुराडे फोटोत छपराआड गेले होते, तेही राहून गेले. दगड पुठ्ठ्याएवढे जाड, नुसते चिकटवलेले. एकदा मांजरीने अंग घासले, तर दोन दगड तिच्या पाठीला चिकटून गेले आणि ती ते आठवडाभर गल्लीत मिरवत होती.

तरी माझे कौतुक झाले. नवी जोडपी माझ्या पुढ्यात फोटो काढून घेत. मी फुगून जाई. एके दिवशी भाऊसाहेबांनी माझ्या भिंतीवर सिगारेट विझवली आणि ते एजंटला म्हणाले, "याच्यात आहे काय? तोंडाला पावडर, आत भुसा." तो शब्द मी विटांमध्ये जपून ठेवला आणि वाट पाहिली.

मग एक शिंपीणबाई सासूबाईंना घेऊन आली. राहत्या दोन खोल्या विकून ती मला घ्यायला निघाली होती. तिने माझ्या भिंतीवर तळहात ठेवला. तसा हात त्याआधी कुणी ठेवला नव्हता. "शिवायला बसायचं तर मागून उजेड हवा," ती म्हणाली. "मागचं दार कुठाय?"

"ताई, ती शैली आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"शैलीवर कपडे वाळतात का?" सासूबाईंनी विचारले.

भाऊसाहेब गडबडले. "तुम्ही अंगणात थांबा. शेकोटी पेटवतो, मग बघा थाट!" दार लावून त्यांनी लाकडे पेटवली.

मी श्वास रोखला आणि दाराची चौकट अशी आवळली की कडीसुद्धा कण्हली. धूर कोंडला. भाऊसाहेबांनी दाराला लाथा घातल्या, मग सवयीने मागे धावले आणि कोऱ्या भिंतीवर नाक आपटले. शेवटी सोफ्यावर चढून पुढच्या भिंतीतल्या छताजवळच्या अरुंद खिडकीत शिरले. डोके बाहेर, पोट आत!

"काय हो, ही पण शैलीच का?" खालून सासूबाई म्हणाल्या.

एजंटने हात धरून त्यांना ओढले तेव्हा माझे निम्मे दगड खाली पडले आणि आतल्या फुटक्या विटा उघड्या पडल्या. सासूबाईंनी त्या नीट पाहिल्या. "सूनबाई, चल. आपल्या दोन खोल्याच बऱ्या."

शिंपीणबाईने जाताना एकदा वळून पाहिले. मित्रांनो, खरे सांगतो, तिच्या मशीनचा आवाज माझ्यात घुमावा असे मला फार वाटत होते. पण मला भाऊसाहेब त्याहून जास्त हवे होते.

आणि ते मिळाले! ही हकिगत गावभर झाली. पाटी गंजली, एकही गिऱ्हाईक फिरकले नाही. सगळे विकून-सवरून भाऊसाहेब शेवटी बिऱ्हाड घेऊन माझ्यातच राहायला आले. वहिनी रोज विचारतात, "कुणी बांधलं हो हे?" ते पेपरात तोंड खुपसतात.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही घरे बांधाल. जिथे कुणाची नजर जात नाही, तिथेही तेवढ्याच मायेने हात फिरवा. घरे बोलत नाहीत, पण सगळे ऐकतात. मी सूड विसरलो असेही समजू नका. पाऊस आला की भाऊसाहेब छपरातल्या गळतीखाली बादली ठेवतात. ते पलंगावर जाऊन टेकेपर्यंत मी थांबतो. मग बादलीच्या शेजारी गळतो.