दिनकर मेस्त्रीचं मत

दिनकर मेस्त्री कुवेतमध्ये बनेद अल-गार भागातल्या एका जुन्या घराचा दरवाजा दुरुस्त करत होता, त्या दिवशी घराची मालकीण फातिमा मतदान करून आली. २००६ चा जून होता. कुवेतच्या संसदेसाठी बायका पहिल्यांदाच मत देत होत्या. फातिमाचं वय पासष्टच्या पुढचं. वडिलांच्या व्यापारामुळे तिचं लहानपण मुंबईत गेलं होतं, म्हणून ती दिनकरशी हिंदीत बोलायची. आज ती फार खुशीत होती. स्वतःच्या हाताने त्याला चहा देऊन तिने विचारलं, तुझ्या देशात तू मत देतोस ना?

दिनकरने रंधा बाजूला ठेवला. खोटं सांगणं सोपं होतं, पण ते त्याला जमलं नाही. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या पायावर फळी घातली होती. पाय कायमचा अधू झाला आणि दिनकर तीन वर्षं तुरुंगात राहिला. सुटून आल्यावर यादीत नाव दिसलं नाही, तेव्हा गावात कुणीतरी सांगितलं की शिक्षा झालेल्याला पुन्हा मत नसतं. त्याला ते पटलंही. आपण केलंच तसं, असं त्याला वाटलं होतं. दर निवडणुकीला बायको चंपा एकटी जायची आणि तो घराच्या मागे लाकडं फोडत बसायचा.

त्याने हे सगळं फातिमाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमने किसी से पूछा?"

खरंच, चौदा वर्षांत त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी महबूला भागातल्या आपल्या खोलीवरून त्याने चंपाला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं की तुरुंगात असेपर्यंतच मत देता येत नाही. सुटला की हक्क असतोच, फक्त माणूस गावात राहत असला पाहिजे आणि अर्ज भरला पाहिजे. चंपाने हे सगळं फोनवर सांगितलं. दिनकरला आनंद व्हायच्या आधी राग आला, आणि तो स्वतःचाच आला.

दिवाळीच्या सुमाराला करार संपला. खोलीतले सगळे म्हणत होते, अजून दोन वर्षं काढ. तो थांबला नाही.

गावात अर्ज दिल्यावर त्याचं नाव चावडीवर लागलं. कुणाची हरकत असली तर आठ दिवसांत कळवावी, असं खाली लिहिलं होतं. त्या आठ दिवसांत दिनकर रोज चावडीवर जाऊन तो कागद बघून यायचा. सहाव्या दिवशी संध्याकाळी अंगणात काठी वाजली. पाय ओढत बाळा आला होता, तोच चुलतभाऊ. सतरा वर्षांत त्याने या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. चंपाने पाट मांडला.

"हरकत घेवक इलंस?" दिनकरने विचारलं.

"हरकत घेवची आसती तर तालुक्याक गेलो आसतंय," बाळा म्हणाला. "चावडीर तुझा नाव वाचलंय. माका वाटायचा, तू मुद्दाम मत देणंस नाय. आमचा तोंड बघूक नको म्हणान."

दिनकरला एवढंच म्हणता आलं, "पाय दुखता काय रे अजून?"

"पावसात दुखता."

चंपाने चहा आणला, बाळाने तो बशीत ओतून संपवला. दिनकर त्याला बांधापर्यंत सोडायला गेला आणि उतारावर हात पुढे केला. क्षणभर थांबून बाळाने तो धरला.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दिनकर सकाळी सातलाच शाळेत पोचला. अधिकाऱ्याने यादीतून त्याचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा त्याने तितक्याच मोठ्याने 'हजर' म्हटलं. मागे रांगेत चंपा पदराने डोळे टिपत होती, आणि तिच्या मागे काठीवर भार देऊन बाळा आपल्या पाळीची वाट बघत उभा होता.